बोलण्यावरचे अठरा टक्के

२२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. सलूनमध्ये केस कापण्यावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला. व्यायामशाळा आणि योगवर्ग यांनाही तोच ५ टक्क्यांचा दर मिळाला. बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर उतरली आणि वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला. शरीराची निगा राखणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला त्या यादीत काही ना काही मिळालं.

ज्या खोलीत माणूस पन्नास मिनिटं बसून मनातलं बोलतो आणि उठताना फी देतो, त्या खोलीबद्दल मात्र यादीत शब्द नव्हता. समुपदेशनावर जुलै २०१७पासून जो नियम आहे तोच आजही आहे. त्या नियमात दोनच आकडे आहेत, शून्य किंवा अठरा. कोणता लागेल हे येणाऱ्याच्या दुखण्यावर क्वचितच ठरतं. समोर बसलेल्या माणसाची पदवी कोणती, खोलीवर पाटी कुणाची आणि वर्षाची उलाढाल किती, यांवर ते ठरतं.

हा हिशेब मुंबईच्या मध्यावर बसून मांडण्यापेक्षा जूचंद्रहून मांडलेला बरा. जिथे ही सेवा अजून नीट पोहोचायची आहे, तिथे कर काय करतो हे अधिक स्पष्ट दिसतं.

रांगोळीचं गाव, रिक्षाचं अंतर

जूचंद्र हे नायगाव पूर्वेचं जुनं गाव. मिठागरं, आगरी वस्ती, डोंगरावरचं चंडिकादेवीचं देऊळ आणि रांगोळी ही त्याची ओळख. इथल्या रांगोळी कलाकारांनी काढलेली माणसांची चित्रं पाहायला दिवाळीत लांबून लोक येतात. गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, पण ते वसई रोड ते दिवा मार्गावर. त्या मार्गावर गाड्या मोजक्या. म्हणून रोज मुंबईला नोकरीला जाणारा माणूस रिक्षा पकडून पश्चिम रेल्वेच्या नायगाव स्टेशनवर येतो आणि तिथून विरार लोकलच्या गर्दीत शिरतो. २००९मध्ये वसई-विरार महानगरपालिका आली, २०१४मध्ये पालघर जिल्हा झाला, आणि या काळात गावाच्या चहूबाजूंनी उंच इमारती उभ्या राहिल्या. गावकरी आणि टॉवरमधले नवे भाडेकरू आता एकाच रस्त्यावर रिक्षाची वाट पाहतात.

अशा ठिकाणी मनाचे प्रश्न काय असतात हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. घराचा हप्ता, प्रवासात जाणारे तास, नव्या गावात ओळखीचं कुणी नाही, दारू, मुलांचं मोबाइलचं वेड, सासू आणि सून एकाच वन-बीएचकेमध्ये. तरी एक आकडा ध्यानात ठेवावा. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता.

बोलायला जायचं तर कुठे? ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय तर १९०१पासून आहे. पण जूचंद्रहून ठाणं म्हणजे महामार्ग, वर्सोव्याचा पूल आणि मग घोडबंदर रोड. त्या रस्त्यावरच्या वाहतूक कोंडीबद्दल इथल्या कुणाला सांगायला नको. मुंबईकडे गेलं तर केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पैसे थोडे लागतात, दिवस पूर्ण जातो. रोजंदारीवरच्या माणसासाठी तो दिवस हीच खरी फी.

म्हणजे जूचंद्रला हवी आहे ती जवळची खोली, संध्याकाळी साडेसात-आठला उघडी, परवडणारी. ही खोली कोण उघडेल आणि ती चालेल का, या प्रश्नात कर शिरतो.

बारा सेशनचा हिशेब

समजा, एका सेशनची फी १,२०० रुपये आहे आणि समुपदेशकाने बारा सेशन सांगितली आहेत. एकूण १४,४०० रुपये. यावर १८ टक्के कर लागला तर २,५९२ रुपये वाढतात आणि बिल १६,९९२ वर जातं. ते २,५९२ रुपये म्हणजे दोन सेशनच्या फीपेक्षा जास्त. ज्याच्या खिशात १४,४००च आहेत, तो दहा सेशनवर थांबतो.

समुपदेशक म्हणेल, मी फी वाढवत नाही, कर त्यातूनच भरतो. मग १,२०० रुपयांतले १८३ रुपये सरकारकडे जातात आणि त्याच्या हाती १,०१७ उरतात. या १,०१७मधून खोलीचं भाडं, वीज आणि स्वतःच्या वरिष्ठांकडून घ्यावं लागणारं मार्गदर्शन निघायचं असतं. कंपनीला विकलेल्या सेवेत खरेदीदार पुष्कळदा कराची वजावट घेतो. इथे खरेदी करणारा स्वतःच्या पगारातून देणारा माणूस आहे. त्याला वजावट नाही. कर त्याच्यापाशी येतो आणि तिथेच थांबतो.

आता उलटी बाजू. जीएसटीत सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, म्हणून कर नाही. एकटा समुपदेशक आठवड्याला वीस सेशन घेतो, वर्षात ४८ आठवडे काम करतो, फी १,००० रुपये. वर्षाची जमा ९ लाख ६० हजार. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. ऑनलाइन सेशन घेऊन त्याने राज्याबाहेरची माणसं जोडली तरी सेवांसाठी ही २० लाखांची सवलत ऑक्टोबर २०१७पासून टिकून आहे. म्हणून नायगाव-जूचंद्रमध्ये एकट्याने बसणाऱ्या समुपदेशकाकडे गेलात तर तुमच्या पावतीवर जीएसटी दिसणार नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार दुसऱ्या खुर्चीपासून सुरू होते.

चार खुर्च्या

एकट्या समुपदेशकाच्या मर्यादा या क्षेत्रातल्या कुणालाही ठाऊक असतात. तो आजारी पडला की खोली बंद. त्याला न झेपणारी केस आली तर शेजारी विचारायला कुणी नाही. नव्याने एमए झालेल्या मुलीला हाताखाली घेऊन शिकवायचं तर जागा नाही. ज्याला परवडत नाही त्याच्याकडून निम्मी फी घ्यायची तर बाकीची निम्मी कुठून आणायची? हे सगळं जमतं ते चार-पाच जणांच्या केंद्रात. एक ज्येष्ठ, दोन मधल्या अनुभवाचे, एक शिकाऊ. पूर्ण फी देणारे आणि कमी देणारे एकाच वहीत.

वरचाच हिशेब चौघांसाठी करू. चार जण, प्रत्येकी ९ लाख ६० हजार. एकूण ३८ लाख ४० हजार. चौघे चार वेगळ्या खोल्यांत वेगळे बसले असते तर कर शून्य. एका पाटीखाली एकत्र आले, पाटीच्या नावावर फी जमा झाली, आणि ती सेवा करमाफीत बसत नसली, तर १८ टक्क्यांनी ६ लाख ९१ हजार रुपये. तेवढ्यात केंद्राला एक पूर्ण वेळचा समुपदेशक ठेवता येईल.

छोट्या सेवाव्यवसायांसाठी २०१९पासून ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे. मर्यादा ५० लाखांची. त्यात आपल्या चौघांना २ लाख ३० हजार भरावे लागतील. हा कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि राज्याबाहेर सेवा देता येत नाही. ऑनलाइन काम हाच ज्याचा अर्धा धंदा आहे त्याला ही योजना जड जाते.

आणखी एक विसंगती. १ एप्रिल २०१९पासून केवळ माल विकणाऱ्यांची नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख आहे. सेवा देणाऱ्यांची २० लाखच राहिली. जूचंद्रच्या नाक्यावरचा दुकानदार ३८ लाखांची विक्री करून नोंदणीबाहेर राहू शकतो. त्याच्या माडीवरच्या समुपदेशन केंद्राला त्याच आकड्यावर नोंदणी, महिन्याची किंवा तिमाहीची विवरणपत्रं आणि सीएची फी.

कर एकट्याला सोडतो आणि एकत्र येणाऱ्यांना पकडतो. जूचंद्रसारख्या ठिकाणी सर्वांत जास्त गरज असते ती एकत्र येणाऱ्यांची. जीएसटीचं बिल न पाहिलेल्या माणसालाही या कराची झळ बसते ती अशी. त्याच्या गावात जे केंद्र उघडायला हवं होतं, ते उघडतच नाही.

करमाफी कुणाला

आरोग्यसेवेला जीएसटी नाही, हे आपण ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण शब्द मोजून. २८ जून २०१७च्या १२/२०१७ या अधिसूचनेतली ७४वी नोंद सांगते की क्लिनिकल आस्थापना, अधिकृत वैद्यकीय व्यावसायिक किंवा पॅरामेडिक यांनी दिलेली आरोग्यसेवा करमुक्त आहे. आरोग्यसेवा म्हणजे मान्यताप्राप्त उपचारपद्धतीतलं आजार, इजा, व्यंग, विकृती किंवा गर्भारपण यांचं निदान, उपचार अथवा शुश्रूषा.

आता एकेकाला या चौकटीत बसवून पाहू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. त्याच्याबद्दल शंका नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केलेली असते. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा त्याला मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून ओळखतो. जीएसटीची अधिसूचना मात्र त्याचं नाव घेत नाही. तो अधिकृत वैद्यकीय व्यावसायिक की पॅरामेडिक, हे अर्थ लावण्यावर जातं, आणि पॅरामेडिक म्हणजे कोण हे अधिसूचनेत कुठेच सांगितलेलं नाही. त्यानंतर येतात समुपदेशन मानसशास्त्रात एमए केलेले, टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी शिकून आलेले समाजकार्यकर्ते, कुटुंब समुपदेशक. आपल्याकडे प्रत्यक्ष बोलण्याचं काम मुख्यतः हेच करतात, आणि सर्वांत धूसर जागाही यांचीच.

त्यातही पाटीचा फरक पडतो. १२ फेब्रुवारी २०१८च्या परिपत्रकात केंद्र सरकारने स्पष्ट केलं की रुग्णालयाने नेमलेले ज्येष्ठ डॉक्टर, सल्लागार आणि तंत्रज्ञ, पगारी असोत वा नसोत, त्यांची सेवा आरोग्यसेवाच आहे आणि करमुक्त आहे. म्हणजे तीच समुपदेशक सकाळी रुग्णालयाच्या खोलीत बसली तर कर नाही. संध्याकाळी तेच काम तिने चौघींच्या केंद्रात केलं तर प्रश्नचिन्ह.

व्याख्येतला आजार हा शब्दही इथे अडतो. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं, वडील गेल्यानंतर झोप उडालेला मुलगा, दहावीच्या निकालाआधी गप्प झालेली मुलगी यांना कोणताच आजार झालेला नसतो. बोलण्याचा सर्वांत जास्त उपयोग अशाच वेळी होतो, प्रकरण गोळ्यांपर्यंत जायच्या आधी. कायद्याचा शब्दशः अर्थ घेतला तर पूर्ण आजारी पडून आलेल्याला माफी आणि वेळेत आलेल्याला कर, असा तो निघतो. धार्मिक विधी करून देण्याची सेवा मात्र त्याच अधिसूचनेत निःसंदिग्धपणे करमुक्त आहे. शांतीची पूजा शून्य टक्क्यांत, शांतपणे बोलणं अठरात.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने आपली सेवा करमुक्त आहे असं मानलं तरी एक खाच उरते. केवळ करमुक्त सेवा देणाऱ्याला नोंदणी लागत नाही, उलाढाल ३० लाख असली तरी. पण त्याने एखाद्या कंपनीत ताणतणावावर दहा हजारांची कार्यशाळा घेतली की ती करपात्र सेवा झाली. उलाढाल मोजताना करमुक्त आणि करपात्र दोन्ही धरतात, घरभाड्याचं उत्पन्नही धरतात. एका कार्यशाळेपायी नोंदणी गळ्यात येते. अनेक जण मग कार्यशाळाच टाळतात.

शाळा आणि संस्था

२५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यातली एक. नायगाव-जूचंद्रच्या पट्ट्यातल्या बहुतेक शाळा या आकड्यात बसतील. शाळेने समुपदेशक पगारावर ठेवला तर जीएसटीचा संबंध नाही. पण छोट्या शाळेला पूर्ण पगार परवडत नाही. ती म्हणणार, आठवड्यातले दोन दिवस बाहेरचं केंद्र येऊ दे. शाळांनी बाहेरून घेतलेल्या सेवांपैकी मुलांची ने-आण, जेवण, सुरक्षा आणि सफाई, प्रवेश-परीक्षा अशा ठरावीक गोष्टींनाच माफी आहे. समुपदेशन त्या यादीत नाही. केंद्र नोंदणीकृत असेल तर शाळेच्या बिलात १८ टक्के वाढतील, आणि शाळेला वजावट नाही. तो खर्च कुठे जाईल हे पालकांनी ओळखावं.

धर्मादाय संस्थांची गोष्ट वेगळी आहे. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थांचं काही काम करमुक्त आहे, आणि त्याच्या व्याख्येत समुपदेशन हा शब्द चक्क लिहिलेला आहे. मात्र तो कुणासाठी? मरणासन्न रुग्ण, तीव्र शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेले, एचआयव्हीग्रस्त आणि व्यसनाधीन. पुण्यात १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारखं व्यसनमुक्तीचं काम या व्याख्येत नीट बसतं. व्यसनी नवऱ्याशी बोलणं करमुक्त. त्या नवऱ्यामुळे खचलेल्या बायकोशी बोलणं व्याख्येत सापडत नाही.

गोव्यात १९९६पासून काम करणाऱ्या संगाथ या संस्थेने दाखवून दिलं की मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नीट शिकवलं, त्यांच्यावर देखरेख ठेवली, तर नैराश्यात बोलण्याचे उपचार तेही देऊ शकतात. त्यांचे अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जूचंद्रसारख्या गावाला हा मार्ग जवळचा आहे. आगरी बोलीत बोलणारी, गावातलीच ताई समोर बसली तर पुष्कळ गाठी सुटतील. करमाफी केवळ पदवीला बांधलेली असेल तर अशी ताई कायमची चौकटीबाहेर राहील.

कॅनडातलं बिल

हा पेच आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाची सेवा व्हॅटमुक्त आहे. समुपदेशकाची नाही, फक्त ९० हजार पौंडांच्या उलाढालीखालचे सुटतात. ऑस्ट्रेलियात मानसशास्त्रज्ञाला जीएसटी नाही, समुपदेशकाला १० टक्के आहे. सगळीकडे रेषा तीच, डॉक्टरी मान्यतेच्या आत कोण आणि बाहेर कोण.

कॅनडाने मात्र ही रेषा हलवली. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनमधल्या मराठी घरांना हे ठाऊक असेल. तिथे मानसशास्त्रज्ञाच्या बिलावर कर नव्हता, पण नोंदणीकृत सायकोथेरपिस्टच्या बिलावर ऑन्टॅरिओत १३ टक्के एचएसटी लागत असे. १५० डॉलरच्या सेशनला साडेएकोणीस डॉलर. काम तेच, पाटी वेगळी. व्यावसायिकांनी आणि त्यांच्या संघटनांनी बरीच वर्षं पाठपुरावा केला आणि २० जून २०२४ला मंजूर झालेल्या कायद्याने सायकोथेरपिस्ट आणि समुपदेशन थेरपिस्ट करमुक्त झाले.

तिथे आधी काही प्रांतांनी या व्यवसायाचं नियमन केलं, नोंदणीची यादी तयार झाली, आणि मग कर हटवणं सोपं गेलं. माफी कुणाला द्यायची हे सांगायला यादी हाताशी होती.

अशी यादी करण्याचं साधन आपल्याकडेही आलेलं आहे. २०२१चा राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा वर्तणूक आरोग्य या गटात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते यांना नावानिशी घेतो आणि राज्य परिषदांकडे त्यांची नोंदणी सोपवतो. आरोग्य मंत्रालयाचा कायदा ज्याला आरोग्य व्यावसायिक म्हणतो, त्याला अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेत अजून नाव नाही.

मागायचं काय

कर माफ झाला की सगळं स्वस्त होईल, अशा भ्रमात राहू नये. करमाफी म्हणजे अदृश्य कर तसाच राहणं. केंद्राच्या गाळ्याचा मालक नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के, ऑनलाइन सेशनच्या सॉफ्टवेअरवर १८ टक्के, जाहिरातीवर तेवढाच. सेवा करमुक्त असली की याची वजावट मिळत नाही आणि तो फीमध्ये मुरतो. विम्याचंही तसंच. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमासंरक्षण द्यायला सांगितलं, ऑक्टोबर २०२२अखेर सर्व पॉलिसींनी ते द्यावं असा विमा नियामकाचा आदेशही निघाला. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि बोलण्यासाठी कुणी दाखल होत नाही. हप्त्यावरचा कर गेला, सेशनचा खर्च खिशातूनच राहिला.

तरीही सरकार ऐकत नाही असं नाही. २०११च्या अर्थसंकल्पात वातानुकूलित मोठ्या रुग्णालयांवर सेवाकर लावण्याचा प्रस्ताव होता. हृदयशल्यचिकित्सक डॉ. देवी शेट्टी यांनी त्याला दुःखावरचा कर म्हटलं, देशभर ओरड झाली आणि महिन्याभरात प्रस्ताव मागे गेला. तेव्हा ओरडायला रुग्णालयं होती. समुपदेशकांच्या मागे तेवढा मोठा आवाज नाही, आणि त्यांच्याकडे जाणारा माणूस तर आपण जातो हेच कुणाला सांगत नाही. गुपचूप दिलेल्या कराविरुद्ध मोर्चा निघत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. ७४व्या नोंदीत दोन ओळींचं स्पष्टीकरण घालावं. २०२१च्या कायद्याखाली किंवा पुनर्वास परिषदेकडे नोंदलेल्या व्यक्तीने दिलेलं मानसिक समुपदेशन, आणि तिच्या देखरेखीखाली प्रशिक्षित कार्यकर्त्याने दिलेलं समुपदेशन, मग ते एकट्याच्या खोलीत असो, केंद्रात असो वा शाळेत, ही आरोग्यसेवा समजावी. सेवांची २० लाखांची मर्यादा मालाच्या बरोबरीने ४० लाख करावी. जीएसटी परिषदेत राज्यांचे मंत्री बसतात आणि महाराष्ट्राचा आवाज तिथे लहान नाही. महापालिकेनेही आपल्या दवाखान्यातली एक खोली संध्याकाळी अशा केंद्राला नाममात्र भाड्याने द्यावी. भाडं घटलं की त्यावरचा करही घटला.

तोवर वाचकाने एवढं करावं. पहिल्या सेशनआधी नोंदणी क्रमांक विचारावा, फी करासह की कराविना हे विचारावं आणि पावती घ्यावी. पैशांची अडचण असेल तर १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेला टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो, मोफत आणि चोवीस तास.

ही मागणी एकट्या समुपदेशकाच्या सोयीसाठी करायची नाही, त्याला आजही कर लागत नाही. ती करायची आहे नायगाव-जूचंद्रमध्ये अजून न उघडलेल्या चार खुर्च्यांच्या केंद्रासाठी, जिथे पूर्ण फी देणाऱ्यामुळे अर्धी फी देणाऱ्यालाही जागा मिळेल. त्या केंद्राचा हिशेब जुळू द्यायचा की नाही, हे जीएसटी परिषदेच्या एका बैठकीत ठरू शकतं.